सुपारीचा रविवार

"मग ताई, उद्या सांच्याला येतू न्यायला. दिस कलायच्या आत खाली येऊन बसा," लाँचवाला म्हणाला.

"सांजेला कशाला? सकाळचं ठरलंय ना आपलं?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. शैलाकडं बघितलं. शैला सॅकचा पट्टा ओढून घट्ट करत होती आणि तो पट्टा मुळात सैल नव्हताच. "मीच सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "आलोच आहोत तर निवांत राहू की जरा. घाई कसली एवढी?"

घाई मला नव्हतीच. पण दोघींनी ठरवलेली गोष्ट एकीनं परस्पर बदलायची, हे मला तेव्हाही खपत नसे आणि आजही खपत नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात लाँच फटफटत मागं वळली आणि कोयनेच्या पाण्यावर बामणोलीच्या दिशेनं निघूनही गेली. आता उद्या संध्याकाळपर्यंत त्या काठावर आम्ही दोघी, समोर वासोट्याचं रान आणि रानातले गवे. गव्यांवर चिडून उपयोग नव्हता. मी चालू लागले.

शैला जगदाळे आणि मी साताऱ्याच्या एकाच शाळेत होतो. ती मराठी शिकवायची, मी कवायत आणि खेळ. ती अस्सल साताऱ्याची, मी कोकणातल्या खेडची, नोकरीपुरती घाटावर आलेली. आमची खोली एक, डबा एक, रुसवेफुगवे एक. डोंगराचं वेड मात्र माझं एकटीचं. शैलाचा डोंगर म्हणजे अजिंक्यताऱ्याच्या अर्ध्या वाटेवरचं भेळेचं दुकान. त्या बाईनं आपणहून म्हणावं, "मंदे, माघातली हवा छान आहे, वासोट्याला मुक्काम टाकू या का?" मला केवढा आनंद झाला होता! पुढच्या रविवारी मला खेडला जायचंच होतं, मोठी लढाई होती तिथं. म्हटलं, त्याआधी दोन दिवस डोक्याला थंडावा.

ती लढाई काय होती, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

माझी धाकटी बहीण कुमुद. आमच्या काकांनी तिच्यासाठी महाडकडचं एक स्थळ आणलं होतं. विलास नावाचा ठेकेदार. पैसा होता, जीप होती, आणि पहिली बायको वर्षाच्या आत माहेरी परत गेलेली होती. का, तर 'नांदली नाही'. नांदली नाही ती मुलगी मी डोळ्यांनी पाहिली होती. तिचा डावा हात कोपरात वाकडा जुळला होता आणि ती तो पदराखाली धरून बसायची. हे मी घरी सांगितलं, तर काका म्हणाले, "पडली असेल कुठं." दिवाळीला कुमुदनं मला विहिरीवर गाठलं. "ताई, मला नको गो तो," एवढंच म्हणाली. "तू येशील ना सुपारीला?"

सुपारीला येशील ना, असं तिनं विचारलं, कारण आमच्या भावकीत एक जुनी रीत होती. लग्न ठरायचं तर दोन्हीकडची माणसं जमून सुपारी फोडायची. फोडण्याआधी भावकीतला थोरला माणूस घरातल्या एकेका कर्त्या माणसाचं नाव घेऊन विचारतो, "काय, फोडू ना?" त्यातल्या एकानं जरी 'नाही' म्हटलं, तरी सुपारी ताटात तशीच राहते आणि स्थळ मोडतं. एकदा फुटली की मात्र ब्रह्मदेव आला तरी मागं फिरायचं नाही. गैरहजर माणसाचा होकार धरतात. आणि जिचं लग्न, तिचं नाव त्यात घेतच नाहीत. पुरुष आणि लग्न झालेल्या बायका, एवढेच कर्ते. मी अविवाहित, पण घरात माझा पगार जात होता, त्यामुळे भावकीत थोरले असलेल्या दाजींनी गेल्या दोन सुपाऱ्यांना माझंही नाव घेतलं होतं. काकांच्या पोटात तेव्हाच दुखलं होतं.

तर सुपारी पुढच्या रविवारी होती. मी जाणार होते आणि 'नाही' म्हणणार होते. दोन अक्षरांचं काम. बाप डोळे वटारो नाहीतर काका आकाशपाताळ एक करो, माझ्या दोन अक्षरांना त्या घरात तेव्हा सोन्याचं मोल होतं.

दुपार टळायच्या सुमाराला आम्ही गडावर पोचलो. शैलानं वाटेत चार वेळा बसकण मारली, दोनदा देवाचं नाव घेतलं आणि एकदा मला राक्षसीण म्हणाली. पण तिचं बोलणं नेहमीसारखं नव्हतं. एरवी तोंडाची टकळी चालू असणारी बाई मधेच गप्प व्हायची. मला वाटलं, दमली. महादेवाच्या देवळाजवळ आम्ही सामान टाकलं, तीन दगडांची चूल मांडली आणि पिठलं-भात करून जेवलो. गडावर दुसरं चिटपाखरू नव्हतं.

ऊन उतरल्यावर मी तिला पश्चिमेच्या कड्यावर नेलं. तिथं जमीन एकदम संपते. खाली कोकण पसरलेलं असतं, निळं, धुरकट, डोंगरामागं डोंगर.

"तिकडं बघ," मी हात करून दाखवलं. "त्या टेकड्यांच्या पलीकडं आमचं खेड. पुढच्या रविवारी तिथं काय तमाशा होतो बघ. काकांचं तोंड मला आत्ताच दिसतंय. ठेकेदार जावई करून घेणार म्हणे! ताटातली सुपारी उचलून त्यांच्याच हातात देते की नाही बघ."

शैला बुटाच्या टोकानं एक खडा टोकरत राहिली.

"काय गं? दातखीळ बसली का?"

"तुला मजा वाटते ना यात?" ती म्हणाली.

"कशात?"

"मोडण्यात. दुसऱ्याचं ठरत आलेलं मोडण्यात."

"दुसऱ्याचं? बहीण आहे ती माझी. आणि वाईट असेल ते मोडायलाच पाहिजे. तुझ्या त्या कराडच्या बँकवाल्याचं मोडलं तेही बरंच झालं. फ्रीज पाहिजे होता मेल्याला!"

मी हे सहज बोलले. आम्ही दोघी त्या बँकवाल्याला कितीदा हसलो होतो. दोन वर्षांपूर्वी तो शैलाला बघायला आला, त्याच्या आईनं पोहे खाता खाता फ्रीजचं काढलं, आणि शेजारी बसलेली मी म्हणाले, "फ्रीज कशाला? तुमच्या मुलाचं डोकं थंड ठेवायला का?" पाहुणे पोहे अर्धवट टाकून उठले. शैला तेव्हा खो-खो हसली होती. निदान मला तसं आठवतं.

"मला तो आवडला होता," शैला म्हणाली.

"कोण? तो फ्रीजवाला?"

"त्याला नाव होतं. सदानंद. फ्रीज त्याच्या आईनं मागितला, त्यानं नाही. तो मान खाली घालून बसला होता. दुसऱ्या दिवशी तो मला भेटून म्हणणार होता, मला काही नको म्हणून. माझ्या मावशीला बोलला होता तसं. पण तू तोपर्यंत थांबलीस का? तू मला विचारलंस का?"

"मग बोलायचंस तेव्हा!"

"तुझ्यापुढं कुणाला बोलता येतं, मंदे?" ती ओरडली. त्या कड्यावर तिचा आवाज चिरका लागला. "तू एकदा सुरू झालीस की बाकीच्यांनी तोंडाला कुलूप घालायचं! आणि पुढच्या रविवारचे मांडे खाऊ नकोस मनात. पुढच्या रविवारी तिथं काही नाहीये. सुपारी उद्याच आहे."

मला आधी ते कळलंच नाही. "उद्या कुठली?"

"कुमुदची. उद्या चार वाजता. तुला मुद्दाम पुढचा रविवार सांगितलाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या काकांनी शाळेत फोन केला होता. मग तुझी आई बोलली. रडत होती. म्हणाली, पोरी, तू तिची मैत्रीण ना, दोन दिवस तिला कुठंतरी घेऊन जा, लेकीचं एकदा पार पडू दे. मी हो म्हटलं."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. काकांचं मी समजू शकत होते. काका तसेच. पण आई! जिच्या मांडीवर डोकं ठेवून मी ती वाकड्या हाताची गोष्ट सांगितली होती, ती आई. आणि ही, जिच्या डब्यातला अर्धा घास मी रोज खात होते, ती ही.

"पहिल्या बायकोचा हात मोडलाय त्यानं. तुला सांगितलं होतं मी."

"तुझी आई म्हणाली, ती जिन्यावरून पडली."

"सगळ्या बायका जिन्यावरूनच पडतात! कुठल्याही गावात जा, जिनेच जिने असतात मेले!"

"ओरडू नकोस."

"ओरडीन! इथं ऐकायला कोण आहे? म्हणून तर आणलंस ना मला इथं?"

शैला रडायला लागली. पण रडता रडता म्हणाली, "आता काही करता यायचं नाही. लाँच संध्याकाळी येणार. तोवर सगळं आटोपलेलं असेल. मी त्याला जादा पैसे देऊन सांगितलंय, काही झालं तरी आधी येऊ नकोस." हे सांगताना तिच्या आवाजात थोडा टेंभाही होता. काम चोख केल्याचा टेंभा.

आणि मग मला हसू आलं. रागात आलेलं हसू फार वाईट दिसतं, हे शैलाच्या तोंडावरून मला कळलं.

"शैले," मी म्हटलं, "तू साताऱ्याची ना? तुम्हा लोकांना वासोटा म्हणजे जगाचा शेवट वाटतो. पुढं पाणी, मागं कडा, संपली पृथ्वी. अगं बये, तू मला कुठं आणून ठेवलंयस ठाऊक आहे? माझ्या परसदारी! तो समोरचा डोंगर दिसतो ना, तो नागेश्वर. त्याच्या पायाशी चोरवणे. माझ्या आजोळचा गाव. लहानपणी दर शिवरात्रीला आम्ही खालून नागेश्वरला चढायचो. चोरवण्यातून खेडला एस.टी. जाते. तू मला महाबळेश्वरला नेलं असतंस ना, तर मी अडकले असते."

तिचं तोंड उघडं राहिलं. घाटावरच्या माणसाला कड्याखाली काय आहे, याचा कधी विचारच येत नाही. आम्ही मात्र जन्मभर तो कडा खालून बघत असतो.

मी त्याच पावली निघाले असते, पण दिवस मावळत होता आणि त्या रानात अंधारात शिरणं म्हणजे गव्याच्या शिंगावर जाणं. मी देवळाच्या एका अंगाला पथारी टाकली, तिनं दुसऱ्या अंगाला. तिनं दोनदा हाक मारली. मी ओ दिली नाही.

झुंजूमुंजू झालं तशी मी उठले आणि सॅक भरली. शैला आधीच बूट घालून बसली होती.

"मी पण येते," ती म्हणाली.

"कशाला? लाँच येईल ना तुझी."

"मी एकटी इथं संध्याकाळपर्यंत? मंदे, गवे आहेत."

"ते तुझ्या वाऱ्यालाही उभे राहणार नाहीत. तू मराठी शिकवतेस."

पण तिला सोडून जाणं शक्य नव्हतं, हे मलाही कळत होतं. रागाला डोळे नसतात म्हणतात, पण थोडी अक्कल असते. "यायचं तर ये," मी म्हटलं. "थांबायचं मात्र नाही. बसायचं नाही. देवाचं नाव घ्यायचं तर चालता चालता घे."

गडाच्या उतारावर एक फाटा फुटतो, तो नागेश्वरकडं जातो. वाट रानातून, वर-खाली करत डोंगराच्या धारेनं. मी पुढं, शैला मागं. तिचा श्वास भात्यासारखा वाजत होता, पण ती मागं राहिली नाही. माझ्या डोक्यात मात्र वाट नव्हतीच. मी चालत होते खेडच्या आमच्या ओटीवर. काका तिथं पितळी पानदान घेऊन बसलेले. बाबा मान डोलावताहेत. आणि दाजी विचारताहेत, "मंदाकिनी?" आणि कुणीतरी म्हणतंय, "नाही आली. होकार धरा." मी एका फांदीवर अशी काठी हाणली की काठीचे दोन तुकडे झाले.

नागेश्वरची गुहा मागं टाकली आणि चोरवण्याच्या उताराला लागलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. तसा वेळ हातात होता. खाली दुपारची गाडी मिळाली असती. आणि तिथं, एका मोठ्या दगडावरून खाली पाय टाकताना, शैला किंचाळली आणि बसली.

"मुरगळला! मंदे, पाय मुरगळला गं!"

मी परत वर चढले. ती डावा घोटा दोन्ही हातांनी धरून कण्हत होती. मी ओढणी फाडून घोटा आवळून बांधला, तिची सॅक काढून माझ्या छातीवर अडकवली, पाठीवर माझी, आणि तिचा हात खांद्यावर घेतला. शिव्या तोंडातच गिळल्या. माणूस दुखलेलं असताना भांडू नये, असं माझ्या आजीचं म्हणणं होतं. आम्ही एक-एक पाऊल उतरू लागलो. गोगलगाय आमच्या पुढं गेली असती. दोन पावलं टाकली की "आई गं", चार टाकली की "जरा थांब". सूर्य डोक्यावरून सरकत होता आणि खाली चोरवण्याची कौलं दिसत होती तशीच लांब.

"तू पुढं जा," असं ती एकदाही म्हणाली नाही. माझं लक्ष त्याच्याकडंच आधी गेलं. शैलाचा स्वभाव तसा. ताप आला तरी म्हणायची, "तू जा शाळेत, मी पडते एकटी." आज मात्र खांद्याला घोरपडीसारखी चिकटून बसली होती.

एका ओढ्यावर पाणी प्यायला थांबलो. मी बाटली भरून मागं वळले, तर शैला कातळावरून उतरून माझ्याकडं येत होती. लंगडत होती, व्यवस्थित लंगडत होती. फक्त उजव्या पायानं. पट्टी डाव्याला होती.

मी तिच्या पायांकडं बघितलं. तिनंही बघितलं. मग तिनं झटकन डावा पाय उचलला, आणि तोही धडधाकट पायासारखा उचलला.

त्यावर मी जे बोलले, ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. छातीवरची तिची सॅक मी काढली आणि सगळा जीव एकवटून दरीत भिरकावली. आतलं पातेलं दगडा-दगडावर आपटत, ठणाणा करत खाली गेलं. वानरांचा एक कळप झाडांतून उधळला.

"मारायचंय तर मार," शैला म्हणाली. ती आता दोन्ही पायांवर सरळ उभी होती.

"हात विटाळेल माझा."

"मी तुझ्या आईला शब्द दिला होता."

"आणि कुमुदला? तिला कुणी शब्द दिलाय? आज चार वाजता ती पोर त्या माणसाच्या घरात जायला बांधली जाईल. उद्या तिचा हात मोडला की तूच जा बघायला. सांग तिला, जिना जपून उतरत जा!"

मी उतारावर धावत सुटले. मागं वळून पाहिलं नाही. वाट आता धोपट होती आणि खालच्या शेतांतून माणसांचे आवाज येत होते, तिला भिण्यासारखं काही नव्हतं.

चोरवण्याला पोचले तेव्हा गाडी निघून गेली होती. पुढची संध्याकाळी. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. एक लाकडाचा टेम्पो आला, त्याला हात केला नाही, आडवीच गेले. ड्रायव्हरनं शिवी हासडली आणि माझं तोंड बघून अर्ध्यात थांबवली. "कोण वारलं का ताई?" त्यानं विचारलं.

"अजून नाही," मी म्हटलं. "खेडला चल."

टेम्पो प्रत्येक वाडीवर थांबला. एकदा माणूस घ्यायला, एकदा लाकूड उतरवायला, एकदा ड्रायव्हरला चहा प्यायला. चार वाजले तेव्हा आम्ही अजून वाटेतच होतो. मी ओठ दाताखाली धरून बसले होते, तो फुटला आणि तोंडात रक्ताची चव आली. एक मात्र मी ठरवलं. सुपारी फुटलेली असली तरी ओटीवर चढायचं, सगळ्यांसमोर. तिचे तुकडे गोळा करायचे आणि काकांच्या पुढ्यात टाकायचे. भावकीनं वाळीत टाकलं तरी बेहत्तर. कुमुदला हाताला धरून साताऱ्याला न्यायचं. रीत गेली चुलीत.

घरासमोर उतरले तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. पाहुण्यांची जीप दिसत नव्हती. आटोपलं, मी म्हटलं. उशीर झाला. अंगणातून मी जी ओरडत सुटले ती ओटीपर्यंत. "कुठं आहेत काका? बोलवा त्यांना! चोरून लग्न ठरवता? लेकीला विकता आणि दुसरीला डोंगरावर कोंडून ठेवता?"

ओटीवर काका नव्हते. बाबा भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. सतरंजी अर्धी गुंडाळलेली होती. थोरले दाजी तेवढे झोपाळ्यावर पान कुटत होते.

"ये गो बाय," ते म्हणाले. "बोंबलू नको. उशीर केलास."

"फुटली?"

त्यांनी बोटानं ताट दाखवलं. ताटात हळदकुंकू होतं, नारळ होता आणि त्याच्या शेजारी सुपारी. अख्खी.

मी चिखलाच्या बुटांसकट ओटीवर बसले.

"मी नावं घेत गेलो," दाजी सांगू लागले. "तुझ्या बापाशीचं घेतलं. काकाचं घेतलं. तुझ्या आईचं घेतलं, ती पदरात तोंड घालून हो म्हणाली. मग तुझं घेतलं. तुझा काका बोल्लान, ती आली नाही, तिचा होकार धरा. मी अडकित्ता उचलला. तवसर सैपाकघराच्या दारातनं आवाज आला. 'ताई नाही म्हणते.'"

"कोण बोललं?"

"कोण बोलेल? तीच. कुमुद. हातात चहाचं गाळणं. म्हणते कशी, 'ताईला इथं येऊ दिलं नाही, म्हणून तिचं मी सांगते. तिची हरकत आहे.' तुझा काका उसळला. म्हणे, नवऱ्या मुलीनं बोलायची रीत नाही. मी म्हटलं, खरं आहे. आपलं बोलायची रीत नाही. पण ती पोर आपलं कुठं बोलतेय? ती बहिणीचा निरोप सांगतेय. निरोप सांगायला बंदी आहे, असं मला माझ्या आज्यानं कधी सांगितलान नाय." दाजींनी पान तोंडात टाकलं. "पाहुणे उठून गेले. तुझा काका त्यांच्या मागं गेला. अडकित्ता मी खाली ठेवला."

मागच्या दारी कुमुद चहाचे कप विसळत बसली होती. कपांचा ढीग होता. तिचा एक गाल सुजला होता, बाबांची पाच बोटं त्यावर मोजता येत होती. मला बघून ती उठली नाही. आई चुलीपाशी पाठ करून बसली होती, ती वळली नाही, आणि मीही तिला हाक मारली नाही.

"आलीस?" कुमुद म्हणाली.

"मी दरीतून धावत आले गो. टेम्पोतून आले. मला वाटलं…" मी तिच्या गालाकडं बघितलं. "मी यायला पाहिजे होतं. मी असते तर तुला हे गालावर घ्यावं लागलं नसतं. मी बोलले असते."

कुमुदनं एक कप पालथा घातला. मग दुसरा.

"तू असतीस तर मी बोललेच नसते, ताई," ती म्हणाली. "तू बोलली असतीस ना सगळं. मी आत चहाच गाळत बसले असते."

हे तिनं रागानं म्हटलं नाही, लोभानंही नाही. कप विसळता विसळता म्हटलं. मी तिच्या शेजारी बसले आणि उरलेले कप पुसायला घेतले. इतका राग घेऊन मी तो डोंगर उतरले होते, आणि आता तो ठेवायला त्या घरात जागा नव्हती.

कुमुद पुढं नर्सिंगला गेली. आता ती रत्नागिरीत असते, तिच्या वॉर्डात डॉक्टरसुद्धा दबकून वागतात. तिचं लग्न तिनं तिचं ठरवलं, त्याची सुपारी कुणी फोडली, मला आठवतही नाही.

शैला मंगळवारी शाळेत आली. चोरवण्यातून एस.टी.नं चिपळूण, तिथून कुंभार्ली चढून सातारा, असा वळसा घालून पोचली होती. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. दोन्ही पाय धड होते.

"काय झालं कुमुदचं?" तिनं विचारलं.

"मोडलं," मी म्हटलं.

ती म्हणाली, "शेवटी मोडलंसच तू." आणि गेली. महिन्याभरानं तिनं खोली बदलली.

तिला आजही वाटतं, की मी दरीतून धावत गेले आणि भरल्या ओटीवर ते लग्न मोडलं. गावभर तसंच सांगत फिरते. परवा एका लग्नात भेटली, केस पिकलेत, शेजारच्या बाईला माझ्याकडं बोट करून सांगत होती, हीच ती. मी खरं सांगून टाकलं असतं तर ती म्हणाली असती, बघ, मी तुला अडवलं म्हणूनच पोर बोलली. आणि ते खोटं ठरलं नसतं.

म्हणून मी सांगत नाही. त्या बाईला एवढं श्रेय मी मरेपर्यंत देणार नाही.